एक खातं, एक सर्व्हिस: अनेक मेल खाती बॅकग्राउंडला चालवताना

फेचमेल हा सर्व्हरवरचे मेल आपल्या लिनक्स मशीनवर उतरवणारा प्रोग्रॅम. त्याच्या एकाच सेटिंग फाइलमध्ये पाच खाती लिहून वर 'सेट डेमन ३००' अशी ओळ टाकली (डेमन म्हणजे बॅकग्राउंडला सतत चालणारी प्रोसेस, आकडा सेकंदांचा), की दर पाच मिनिटांनी पाचही खाती एकामागून एक तपासली जातात. पाच मिनिटांचा उशीर चालणार असेल तर हीच मांडणी ठेवावी. एक प्रोसेस, एक फाइल, एक लॉग. बिघडायला जागाच कमी. वेगवेगळ्या सर्व्हिस चालवायची वेळ दोन कारणांनी येते. एक तर मेल आल्या आल्या खाली उतरायला हवा असतो, नाहीतर एका खात्याच्या बिघाडापायी बाकीची खोळंबलेली चालत नाहीत.

आल्या आल्या मेल हवा तर आयमॅप या सर्व्हरवरचे मेल वाचण्याच्या प्रोटोकॉलमध्ये आयडलची सोय आहे. १९९७ सालच्या आरएफसी २१७७ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ती ठरवून दिलेली आहे. एरवी क्लायंट ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारत राहतो. आयडलमध्ये तो एक फोल्डर उघडून थांबतो आणि नवं काही आलं की सर्व्हरच त्याला कळवतो. फेचमेलला दोनदा व्हर्बोज (सगळं सविस्तर छापण्याचा पर्याय) सांगून टर्मिनलमध्ये चालवलं की हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. लॉगइन होतं, इनबॉक्स निवडला जातो, क्लायंट आयडल पाठवतो, सर्व्हर अधिकचं चिन्ह असलेली एक ओळ परत देतो, आणि मग शांतता. मिनिटं जातात, स्क्रीन तशीच. दुसरीकडून त्या पत्त्यावर एक मेल पाठवून पाहा: तारांकन, आकडा आणि 'एक्झिस्ट्स' अशी एक ओळ उमटते, क्लायंट लगेच 'डन' म्हणतो आणि मेल उतरवायला लागतो. मांडणी करण्याआधी प्रत्येक खात्यावर हा प्रयोग करून घ्यावा. त्या सर्व्हरवर आयडल खरोखर चालतं की नाही ते दोन मिनिटांत कळतं, आणि लॉगमध्ये आयडलच्या ओळीनंतर काहीच न दिसणं म्हणजे प्रोसेस मेली असं नाही, हेही एकदा पाहून ठेवलेलं बरं.

आता मेख. फेचमेल खाती एका रांगेत घेतो. पहिल्या खात्यावर तो आयडलमध्ये बसला की उठतच नाही, त्यामुळे दुसऱ्या खात्याची पाळी येत नाही. एरर नाही, इशारा नाही. चार खात्यांचे मेल नुसते येईनासे होतात. आयडल एका वेळी एकाच खात्याच्या एकाच फोल्डरवर चालतं हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा आयडल हवं असेल तर खात्यागणिक प्रोसेस हवीच.

दुसरं कारण टाइमआउटचं. सर्व्हरने कनेक्शन घेतलं पण उत्तरच दिलं नाही, तर फेचमेल मुळात ३०० सेकंद वाट बघतो. तेवढा वेळ रांगेतली पुढची खाती थांबून राहतात. असे टाइमआउट एका खात्यावर लागोपाठ फार झाले की फेचमेल ते अडकलेलं समजून त्याच्याकडे जाणं बंद करतो. एकत्र प्रोसेसमध्ये बाकीची खाती चालू राहतात, म्हणून एक बंद पडल्याचं लवकर लक्षात येत नाही. प्रोसेसमध्ये एकच खातं असेल तर चित्र बदलतं: सगळी कनेक्शनं अडकली असं लॉगमध्ये लिहून ती प्रोसेस बाहेर पडते, आणि मग तिला पुन्हा उभं करायचं काम सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा व्यवस्थापक, करू शकतो. बिघाड दिसला पाहिजे, ही माझ्या लेखी स्वतंत्र सर्व्हिसची सर्वांत मोठी कमाई आहे. मेल लवकर येतो हा फायदा त्यानंतरचा.

फेचमेल एका युजरची एकच प्रोसेस बॅकग्राउंडला चालू देतो. पहिली चालू असताना दुसरी नुसती सुरू केली, तर ती पहिलीला जागं करून निघून जाते. बॅकग्राउंडचा फेचमेल जागा केला असा संदेश दिसतो आणि दुसरी चालू झाली असा गैरसमज होतो. दुसरीला वेगळे पर्याय दिले तर बॅकग्राउंडला फेचमेल असताना पर्याय घेता येणार नाहीत म्हणून ती नकार देते. हे सगळं होम डिरेक्टरीतल्या पीआयडी फाइलवरून, म्हणजे चालू प्रोसेसचा क्रमांक लिहिलेल्या फाइलवरून, ठरतं. ती फाइल पुसून दुसरी प्रोसेस सुरू करण्याचा उपाय सुचवला जातो, तो करू नये. फाइल पुसल्याने दोन प्रोसेस चालतात खऱ्या, पण पहिलीला थांबवायचा किंवा जागं करायचा रस्ता हातातून जातो.

पीआयडी फाइलची जागा बदलण्याचा पर्याय कमांडवर देता येतो, पण तेवढ्याने भागत नाही. पॉप३ या दुसऱ्या, साध्या प्रोटोकॉलच्या खात्यांसाठी फेचमेल कोणते मेल आधी उतरवलेत त्यांच्या ओळखखुणा आणखी एका फाइलमध्ये ठेवतो. दोन प्रोसेस तीच फाइल वापरू लागल्या की एक लिहिते ते दुसरी आपल्या यादीने झाकून टाकते. परिणाम असा की सर्व्हरवर मेल राखून ठेवणाऱ्या खात्याचे जुने मेल अचानक पुन्हा उतरू लागतात. म्हणून मी सरळ फेचमेलहोम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरतो. तो एखाद्या डिरेक्टरीकडे दाखवला की सेटिंग, ओळखखुणा आणि पीआयडी या तिन्ही फाइली त्याच डिरेक्टरीत शोधल्या जातात. एक बारकावा: होममध्ये सेटिंग फाइलचं नाव ठिपक्याने सुरू होतं, फेचमेलहोममध्ये त्या नावात ठिपका नसतो. जुनी सेटिंग फाइल नाव न बदलता तिथे हलवली तर फेचमेलला ती सापडत नाही. आणखी एक: डॉट-नेटआरसी ही पासवर्डची फाइल मात्र कायम युजरच्या होममध्येच शोधली जाते, फेचमेलहोम काहीही असला तरी.

प्रत्येक खात्याची डिरेक्टरी फक्त मालकाला उघडता यावी, आणि आतली सेटिंग फाइल ६०० परवानगीची (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येणारी) असावी. गटाला किंवा इतरांना परवानगी असेल तर फेचमेल ती फाइल वाचायलाच नकार देतो आणि एक्झिट कोड ६ घेऊन बाहेर पडतो.

सर्व्हिसचं साचा-युनिट एकच लिहायचं (युनिट म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टिमडीला सांगणारी फाइल). होममधल्या कॉन्फिग डिरेक्टरीत सिस्टिमडीच्या युजर विभागात, नावाच्या शेवटी @ असलेली फाइल. मग फेचमेल@ऑफिस, फेचमेल@घर, फेचमेल@संस्था अशी हवी तेवढी रूपं त्याच साच्यातून उभी राहतात. @ पुढचं नाव युनिटच्या आत टक्क्याचं चिन्ह आणि आय या जोडीने मिळतं. फेचमेलहोमची ओळ त्यावरूनच तयार होते. नवं खातं जोडायचं म्हणजे नवी डिरेक्टरी करायची, आत सेटिंग फाइल ठेवायची, आणि सिस्टिमडीच्या सिस्टिमसीटीएल या कमांडला युजर पर्यायासह ते रूप एनेबल करून लगेच सुरू करायला सांगायचं. युनिटला हात लावावा लागत नाही.

फेचमेलला नो-डिटॅच पर्याय द्यावाच लागतो. तो नसेल तर फेचमेल स्वतःच बॅकग्राउंडला जातो, साध्या प्रकारच्या सर्व्हिसमध्ये सिस्टिमडीला वाटतं मूळ प्रोसेस संपली, आणि तो मागे राहिलेल्या प्रोसेसही मारून टाकतो. सेटिंग फाइलमध्ये लॉगफाइलची किंवा सिसलॉगची ओळ असेल तर काढून टाकावी, म्हणजे सगळं सिस्टिमडीच्या जर्नल या लॉगमध्ये येतं आणि एकेका खात्याचा लॉग युनिटच्या नावाने वेगळा वाचता येतो.

रीस्टार्टच्या ओळींवर थोडं थांबायला हवं, कारण इथे सिस्टिमडीच्या मूळ आकड्यांनी घात होतो. रीस्टार्ट कायम असं लिहिलं आणि मधला वेळ दिला नाही, तर सिस्टिमडी अवघ्या १०० मिलिसेकंदांनी पुन्हा सुरू करतो. दहा सेकंदांत पाच वेळा सुरुवात झाली की तो हात टेकतो: सुरू करण्याची विनंती फार लवकर पुन्हा आली, असं लिहून युनिट फेल्ड अवस्थेत टाकतो, आणि रीसेट-फेल्ड किंवा हाताने सुरू केल्याशिवाय ते उठत नाही. सुरू होताच बाहेर पडणाऱ्या प्रोसेससाठी हे पाचही प्रयत्न काही क्षणांत संपतात. मधला वेळ ६० सेकंद ठेवला की दहा सेकंदांच्या खिडकीत पाच सुरुवाती कधी होतच नाहीत, आणि सर्व्हरवरही मारा होत नाही.

मशीन चालू होताना नेटवर्क आधी यावं म्हणून नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतर सुरू करा, असं युजर युनिटमध्ये लिहिलेलं ठिकठिकाणी दिसतं. त्याचा उपयोग होत नाही. ते टार्गेट सिस्टिमच्या व्यवस्थापकाचं आहे, युजरच्या व्यवस्थापकाला ते दिसतच नाही. फेचमेल डेमन म्हणून चालत असेल तर पहिल्या खेपेला नाव सापडलं नाही तरी तो पुढच्या खेपेला पुन्हा बघतो, तेव्हा काळजी नाही. एकदाच चालून संपणाऱ्या प्रोग्रॅमसाठी वरचे ६० सेकंद किंवा पुढे येणारा टाइमर पुरतो.

आणि लिंगर. युजर सर्व्हिस त्या युजरचं शेवटचं सेशन संपलं की बंद होतात. एसएसएचने आत जाऊन सर्व्हिस सुरू केल्या, सगळं नीट चाललेलं पाहिलं, बाहेर पडलं, आणि त्याबरोबर सर्व्हिसही गेल्या. लॉगइनसीटीएलने त्या युजरसाठी एनेबल-लिंगर एकदा केलं की सेशन नसतानाही, आणि मशीन सुरू झाल्यापासूनच, सर्व्हिस चालतात.

सेटिंग फाइल बदलली की फेचमेल पुढच्या फेरीच्या सुरुवातीला ते ओळखून स्वतःच नव्याने सुरू होतो. सोय चांगली आहे, पण बदलात लिहिण्याची चूक असेल तर नवी प्रोसेस उभीच राहत नाही. म्हणून फाइल जतन केल्यावर कॅपिटल व्ही पर्याय देऊन एकदा चालवावं. मेल न उतरवता सगळी सेटिंग कशी वाचली गेली ते तो छापून दाखवतो. तेव्हाही फेचमेलहोम त्या खात्याचाच दिलेला हवा.

आता सर्वांत नाजूक मुद्दा: उतरवलेल्या मेलचं सर्व्हरवर काय होतं. फेचमेलचा मूळ स्वभाव मेल उतरवून सर्व्हरवरून काढून टाकण्याचा आहे. फोनवरही तेच खातं वाचलं जात असेल तर पहिल्याच फेरीत उतरवलेले मेल फोनवरच्या इनबॉक्समधून नाहीसे होतात. म्हणून कीप हा शब्द सेटिंगमध्ये आहे ना, हे पहिली फेरी चालवण्याआधी तपासायचं. पण कीप लावून प्रश्न संपत नाही, दुसरा सुरू होतो. आयमॅपवर फेचमेल नवा मेल कोणता हे सर्व्हरवरच्या वाचलेल्या खुणेवरून ठरवतो. फोनवर एखादा मेल उघडला की त्यावर वाचल्याची खूण पडते, आणि फेचमेलच्या दृष्टीने तो जुना होतो; तो खाली उतरतच नाही. फेचऑल लावलं तर उलट टोक: प्रत्येक फेरीत सगळेच मेल पुन्हा उतरतात. मधला मार्ग आयमॅपवर फेचमेलकडे नाही.

याचा सरळ अर्थ असा की खातं फक्त याच मशीनवर वाचलं जाणार असेल तर फेचमेल उत्तम; तेच खातं आणखी कुठे उघडलं जात असेल तर एमबीसिंक घ्यावा. आयसिंक या पॅकेजमधला हा प्रोग्रॅम प्रत्येक मेलच्या यूआयडीवरून (सर्व्हरने दिलेल्या ओळखक्रमांकावरून) हिशेब ठेवतो, वाचल्याच्या खुणेवरून नाही. वाचलेलं, खोडलेलं, हलवलेलं दोन्ही बाजूंना पोचतं. मी दोन्ही चालवतो: फक्त मशीनने पाठवलेले अहवाल येणाऱ्या खात्यांवर फेचमेल, माणसांच्या खात्यांवर एमबीसिंक.

एमबीसिंक डेमन नाही. एकदा चालतो, दोन्ही बाजू जुळवतो, संपतो. सगळं एकदम जुळवायला सांगितलं तर तोही खाती एकामागून एक घेतो, म्हणून इथेही खात्यागणिक युनिट: एमबीसिंक@ऑफिस वगैरे, प्रकार वन-शॉट, आणि त्याच नावाचा टाइमर. सेटिंग फाइल मात्र सगळ्यांची एकच चालते, कारण कोणतं चॅनेल (सर्व्हर आणि डिस्क यांची जुळवायची जोडी) किंवा गट घ्यायचा ते कमांडवर देता येतं. जुन्या फाइली वापरणाऱ्यांनी एवढं बघावं की १.४ पासून मास्टर-स्लेव्हच्या जागी फार आणि निअर हे शब्द आले: फार म्हणजे सर्व्हर, निअर म्हणजे आपली डिस्क.

क्रॉन या ठरावीक वेळी कमांड चालवणाऱ्या जुन्या सोयीऐवजी टाइमर घेण्याचं कारण ओव्हरलॅप. क्रॉनला आधीची खेप संपली की नाही याची फिकीर नसते. पहिल्या मोठ्या उतरवणीला अर्धा तास लागला तर तेवढ्यात पाच-सहा प्रोसेस एकाच फोल्डरवर येऊन आदळतात. एमबीसिंक चॅनेल लॉक असल्याची एरर देऊन मागे फिरतो, पण लॉग त्या एररींनी भरून जातो. क्रॉनच वापरायचा असेल तर कमांडच्या पुढे एफलॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारी कमांड) न थांबण्याच्या पर्यायासह लावावा. सिस्टिमडीमध्ये युनिट चालू असताना टाइमर वाजला तर दुसरी प्रत सुरूच होत नाही.

टाइमरमध्ये मी ऑन-यूनिट-इनॅक्टिव्ह-सेक वापरतो, म्हणजे आधीची खेप संपल्यापासून पाच मिनिटं मोजली जातात. पहिल्या खेपेसाठी ऑन-बूट-सेक किंवा ऑन-स्टार्टअप-सेकची एक ओळ सोबत हवी, नाहीतर कधीच न संपलेल्या युनिटचा वेळ मोजायला सुरुवातच होत नाही. शिवाय सिस्टिमडी वीज वाचवण्यासाठी टाइमर मुद्दाम एकत्र आणतो. अचूकतेची मूळ मर्यादा एक मिनिट आहे आणि त्या मिनिटात नेमका कोणता क्षण, हे त्या मशीनवरच्या सगळ्या टाइमरसाठी एकच ठरतं. त्यामुळे पाच खाती एकाच सेकंदाला सुटतात. रँडमाइज्ड-डिले-सेक ६० लावला की ती विखुरतात.

वन-शॉट युनिटची एक गोष्ट ठाऊक नसेल तर फार त्रास देते. इतर सर्व्हिसना सुरू होण्यासाठी वेळेची मर्यादा असते, वन-शॉटला मुळात नसते. एमबीसिंकचा स्वतःचा २० सेकंदांचा नेटवर्क टाइमआउट आहे, पण पासवर्ड देणारी कमांडच अडकून बसली तर तो उपयोगी पडत नाही. युनिट सुरू होत असल्याच्या अवस्थेत तासन्‌तास राहतं, चालू असल्यामुळे टाइमर दुसरी खेप सोडत नाही, आणि फेल्ड युनिटांच्या यादीतही ते येत नाही. टाइमआउट-स्टार्ट-सेक दहा मिनिटांचा लिहून ठेवावा. पहिली पूर्ण उतरवणी मात्र हाताने, टर्मिनलमधून करावी, नाहीतर दर दहा मिनिटांनी ती तोडली जाईल.

एमबीसिंकला आयडलची जोड द्यायची तर गोआयमॅपनोटिफाय हा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक खात्याला एक असा चालवावा. तो मेल उतरवत नाही. आयडलमध्ये बसून राहतो आणि नवं आलं की सांगितलेली कमांड चालवतो. त्या कमांडमध्ये थेट एमबीसिंक लिहू नये. सिस्टिमसीटीएलला एमबीसिंक@ऑफिस सुरू करायला सांगावं, नो-ब्लॉक पर्याय लावून. मग टाइमर आणि आयडल दोघंही एकाच युनिटचं दार ठोठावतात आणि लॉकची भांडणं होत नाहीत. यात एक फट उरते: युनिट चालू असताना, इनबॉक्स जुळवून तो पुढच्या फोल्डरवर गेल्यावर मेल आला, तर ती हाक वाया जाते. म्हणून आयडल असलं तरी टाइमर काढायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांचा ठेवला तरी चालतो.

मट किंवा म्यू४ई यांसारख्या मेल वाचण्याच्या प्रोग्रॅमांतून मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना आणखी एक अडचण येते. एमबीसिंक फाइलच्या नावात यूआयडी लिहून ठेवतो. फाइल तेच नाव घेऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये गेली आणि तिथे त्या आकड्याचा मेल आधीच असला, तर डुप्लिकेट यूआयडी म्हणून ते फोल्डर जुळवणं थांबतं. म्यू४ईमध्ये हलवताना नाव बदलण्याची सेटिंग आहे, ती चालू ठेवावी. घडून गेलं असेल तर त्या फाइलच्या नावातला स्वल्पविराम, यू, बरोबरचं चिन्ह आणि आकडा एवढा तुकडा काढून पुन्हा चालवावं.

पासवर्ड. बॅकग्राउंडच्या सर्व्हिस पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हे आहे. पास-कमांडने जीपीजी या कूटलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवलेला पासवर्ड काढणं टर्मिनलमध्ये छान चालतं, कारण जीपीजीच्या एजंटने किल्लीचा सांकेतिक शब्द लक्षात ठेवलेला असतो. पण तो मुळात ६०० सेकंदच, वापर होत राहिला तरी कमाल ७२०० सेकंद. म्हणजे दर पाच मिनिटांनी मेल बघणारी मांडणी दोन तास बिनतक्रार चालते आणि मग सगळी खाती एकदम पडतात, कारण शब्द विचारायला समोर टर्मिनलच नसतं. सगळी खाती एकाच वेळी पडली तर सर्व्हरकडे बघण्याआधी एजंटकडे बघावं. उपाय दोन: एजंटच्या सेटिंगमध्ये दोन्ही मुदती वाढवणं, किंवा ज्या मशीनवर कुणी समोर बसत नाही तिथे ६०० परवानगीच्या साध्या फाइलमध्ये पासवर्ड ठेवणं. दुसरा उपाय ऐकायला कच्चा वाटतो, पण तिथे खात्याचा खरा पासवर्ड न ठेवता अ‍ॅप पासवर्ड ठेवावा, म्हणजे गळती झाली तर तो एकटा रद्द करता येतो.

जीमेलचा अ‍ॅप पासवर्ड १६ अक्षरांचा असतो आणि त्यासाठी आधी दोन टप्प्यांची पडताळणी चालू असावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइनवर साध्या पासवर्डाने आयमॅप, पॉप करणं ऑक्टोबर २०२२ पासून बंद होत गेलं. तिथे ओऑथ, म्हणजे पासवर्डाऐवजी मुदतीचं टोकन देण्याची पद्धत, लागतं. फेचमेलच्या ६.४ मालिकेत ओऑथ नाही. एमबीसिंकला ते सासल या लॉगइनच्या लायब्ररीच्या एक्सओऑथ२ प्लगिनमधून करता येतं, आणि पासवर्डाच्या कमांडने पासवर्डाऐवजी टोकन छापायचं असतं. ते टोकन साधारण तासाभराचं असतं, म्हणून कमांडने मुदत बघून रिफ्रेश टोकनवरून नवं घेतलं पाहिजे. गुगलकडे स्वतःचा प्रोजेक्ट काढला आणि तो टेस्टिंग अवस्थेतच ठेवला तर रिफ्रेश टोकन सात दिवसांत संपतं. दर आठवड्याला न चुकता तेच एक खातं पडत असेल तर कारण हेच; प्रोजेक्ट प्रॉडक्शन अवस्थेत न्यावा लागतो.

पासवर्ड बदलायचा असेल तेव्हा आधी सर्व्हिस आणि टाइमर थांबवावेत, मग बदलावा. नाहीतर जुना पासवर्ड घेऊन प्रोसेस ठोकत राहते आणि काही सर्व्हर तेवढ्यावरून खातं किंवा आपला पत्ता काही काळ अडवतात.

कनेक्शनचा हिशेबही खात्यागणिक करावा. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप कनेक्शनं देतं. आयडलसाठी एक, एमबीसिंकचं एक, फोन, लॅपटॉपवरचा मेल प्रोग्रॅम. हा प्रोग्रॅम एकटाच चार-पाच धरून बसतो. पाच फोल्डरवर आयडल लावलं की पाच आणखी. म्हणून आयडल इनबॉक्सपुरतंच ठेवावं. दुसरी मर्यादा दिवसाला २५०० मेगाबाइट उतरवण्याची. मोठं जुनं खातं पहिल्यांदा उतरवताना ती सहज ओलांडली जाते. जीमेलवर ऑल मेल हे फोल्डर पॅटर्नमधून वगळावं. लेबल लावलेला प्रत्येक मेल त्या लेबलच्या फोल्डरमध्येही असतो आणि तिथेही, म्हणजे जागा आणि कोटा दोन्ही दुप्पट जातात.

आता एकत्र येण्याची जागा. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते; ती आधी टीएमपी डिरेक्टरीत लिहून मग न्यू डिरेक्टरीत सरकवली जाते, त्यामुळे कितीही प्रोसेस एकाच मेलडिरमध्ये मेल टाकू शकतात, लॉक लागत नाही. एमबॉक्समध्ये एका फाइलमध्ये सगळे मेल, तिथे लॉक लागतोच. अनेक सर्व्हिस असतील तर एमबॉक्स नको. पण मेल आल्यावर चालणारा नॉटमच किंवा म्यू या मेल शोधण्याच्या प्रोग्रॅमांचा इंडेक्स हा सगळ्यांचा सामाईक आहे, आणि त्यांच्या झापियन डेटाबेसमध्ये लिहिणारा एका वेळी एकच असू शकतो. दोन खाती एकदम संपली आणि दुसऱ्याला लिहिण्याचा लॉक मिळाला नाही, तर एमबीसिंक यशस्वी होऊनही युनिट लाल दिसतं. इंडेक्सची कमांड वेगळ्या वन-शॉट युनिटमध्ये ठेवावी आणि प्रत्येक खात्याच्या युनिटने शेवटी तिला नो-ब्लॉकने हाक मारावी.

झोपून उठलेल्या लॅपटॉपवर, किंवा राउटरने गुपचूप कनेक्शन विसरल्यावर, आयडल आंधळं होतं. आपल्या बाजूने सॉकेट उघडं दिसतं, सर्व्हरने केव्हाच सोडलेलं असतं. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी पहिली चाचपणी करतं, म्हणजे दोन तास काहीच कळत नाही. आरएफसी २१७७ दर २९ मिनिटांच्या आत आयडल पुन्हा सुरू करायला सांगतं, तेव्हा मेलेलं कनेक्शन निदान तितक्या वेळात उघडं पडतं. लॅपटॉपवर तेवढंही थांबायचं नसेल तर जाग आल्यावर आयडलची सगळी रूपं रीस्टार्ट करणारी छोटी स्क्रिप्ट नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचरला (नेटवर्क बदललं की स्क्रिप्ट चालवणाऱ्या सोयीला) लावावी. सिस्टिमसीटीएलला @ पुढे तारांकन देऊन सगळी चालू रूपं एका कमांडमध्ये रीस्टार्ट करता येतात.

चालू आहे आणि काम करतंय यांत फरक आहे, म्हणून नुसतं युनिट हिरवं बघून समाधान मानू नये. प्रत्येक खात्याला रोज एक मेल ठरलेल्या विषयाचा पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो मेलडिरमध्ये सापडतो का बघायचं, ही तपासणी इतर कोणत्याही निरीक्षणापेक्षा विश्वासाची आहे. सापडला नाही तर त्याच युनिटचा कालपासूनचा जर्नल वाचायचा. तिथे काहीच नसेल तर आयडल आंधळं. लॉगइन नाकारलं असेल तर टोकन. लॉकच्या ओळी असतील तर कुणीतरी युनिटला वळसा घालून एमबीसिंक थेट चालवतंय.

खातं काढून टाकताना क्रम उलटा: आधी आयडल थांबवून डिसेबल, मग टाइमर, मग चालू असलेली खेप संपेपर्यंत वाट, आणि त्यानंतर सर्व्हरच्या बाजूने अ‍ॅप पासवर्ड रद्द. मेलडिर हलवायची असेल तर जुळवणीची स्थिती सांगणाऱ्या फाइलीही तिच्याबरोबर गेल्या पाहिजेत. एमबीसिंकच्या सेटिंगमध्ये सिंक-स्टेट तारांकनावर ठेवलेला असेल तर त्या प्रत्येक फोल्डरच्या आतच असतात आणि आपोआप सोबत जातात.